चर्चमधले बाक

आमच्या चर्चचा इतिहास विचारायलास ना, मग बाकांचंच ऐक. हे चर्च म्हंजे मूळचा माझ्या आज्याचा गोठा. त्यानं गुरं बाहेर बांधली अन् जागा देवाला दिली. तवापासून आमी दारात चपला काढतो, सारवलेल्या भुईवर बसतो अन् प्रार्थना करतो.

मागं नवे फादर आले, मंगळूरकडचे. आल्या आल्या टेम्पो भरून लाकडी बाक आणले. रविवारी बाक सगळे रिकामे, अन् माणसं मधल्या वाटेत खेटून भुईवर बसलेली!

फादर म्हणाले, "वर बसा की! शहरात सगळे बसतात."

माझी थोरली बहीण शांताक्का जागची हलली न्हाई. "देवापुढं पाय सोडून कामून बसायचं, फादर? येशूबाळ गोठ्यात जन्मलं, तवा तिथं कुणी बाक टाकला होता का?"

फादरनी रिकाम्या बाकांकडं बघितलं. मग म्हणाले, "पण एवढे बाक आणलेत, त्यांचं करू काय?"

"दाराबाहेर मांडा."

मांडले की! येत्या रविवारी येऊन बघ. आमी अजून भुईवरच बसायलोय. बाकांवर आमच्या चपला बसत्यात.