आधी स्वतःची बाग

वडील: बूट राहू द्या साहेब. सरकारी माणसानं तसंच आत यावं.

मुलगा: बाबा, टोमणे मारून झाले की सांगा. मग बोलतो.

वडील: बोल की.

मुलगा: आज मोठ्या साहेबांच्या कपाटात आपल्या बागेचा तपासणी अहवाल सापडला. संत्र्यांना मूळकुज नव्हतीच. जमिनीत जस्त कमी, म्हणून पानं पिवळी पडली होती. दोन फवारण्यांत भागलं असतं.

वडील: तारीख कधीची?

मुलगा: झाडं पाडायच्या अकरा दिवस आधीची. दाबून ठेवला त्यांनी. रोगट झाडं एवढी काढली, असा आकडा वर पाठवायचा होता. मला म्हणाले, "तुम्ही शेतकऱ्यांतून अधिकारी झालात. आधी स्वतःची बाग काढा, गाव आपोआप ऐकेल."

वडील: ऐकलं ना गावानं. तुझ्यामागून सहा बागा गेल्या.

मुलगा: बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली हो! गळा कापला माझा.

वडील: तुझा?

मुलगा: आपला म्हणतो मी.

वडील: दोनशे दहा झाडं. पहिले दोन उन्हाळे तुझ्या आईनं डोक्यावरून पाणी वाहिलं. तू नांगर सोडून परीक्षा दिलीस, तेव्हा सगळ्यांना सांगत सुटली होती, कचेरीत आता आपलं माणूस आहे म्हणून. ती गेली, तरी बाग होती.

मुलगा: म्हणूनच राजीनामा लिहिलाय. उद्या देतो. दोघं मिळून पुन्हा बाग उभी करू.

वडील: झाडं पाडायचं यंत्र यायच्या आदल्या दिवशी बागेत काय करत होतास?

मुलगा: पाहणी.

वडील: गुडघ्यावर बसून? मी पंपापाशी होतो. तू हातानं माती उकरलीस, मूळ नखानं खरवडलंस. कुजलेल्या मुळाची साल मोज्यासारखी निघून येते, हे मीच शिकवलं तुला. आली होती?

मुलगा: एकच झाड बघितलं मी, बाबा.

वडील: साल आली होती का?

मुलगा: नाही. पांढरं होतं मूळ.

वडील: मग?

मुलगा: गावाला सांगून बसलो होतो. वाटलं, साहेबांना जास्त कळत असेल.

वडील: माती परत लोटलीस, वर पाय दाबलास. मी म्हटलं, त्यानं स्वतः बघितलंय, आपण कशाला मध्ये बोला. यंत्राला फाटक मीच उघडलं.

मुलगा: बाबा, मला फसवलं हो त्या माणसानं.

वडील: तुला फसवलं असेल. माझी तर त्याच्याशी ओळखही नाही.



मुलगा: राजीनाम्याचं काय करू?

वडील: आधी तो अहवाल घेऊन त्या सहा घरी जा. पायी जा, गाडी नको.

मुलगा: जातो. आणि रोपं कधी आणायची?

वडील: आणली. मागच्या आठवड्यातच लावून झाली.

मुलगा: मला कळवलं नाही? बरं, रविवारी येतो पाणी द्यायला.

वडील: नको. पाण्याला माणूस लावलाय मी.