उठू की बसू?

फँटसी लीग बरी की आपली टीम, हा वाद तुमच्याकडे हसण्यावारी जात असेल. आमच्या गारखेड्यात मात्र त्या दुष्काळी उन्हाळ्यात त्यापायी दारातला टँकर परत जायची वेळ आली होती.

हौद कोरडा पडलेला, बाळाच्या बाटल्या उकळायलाही पाणी नाही, आणि टीव्हीवर शेवटची ओव्हर. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. हौदाचं झाकण उघडायला कुणी आलं नाही, की टँकर सरळ पुढच्या गल्लीत जातो. मी अर्धवट उठले.

"हलू नको!" नवरा ओरडला. "तू बसल्यापासून आपली एक विकेट गेली नाही."

"उठा वहिनी!" धाकटा दीर म्हणाला. "तो बॉलर माझा कॅप्टन आहे."

"समोरच्यांचा बॉलर? घरातच गद्दार!"

"दादा, माझी टीम मी मोबाइलवर निवडतो, दोन्हीकडचे घेऊन. त्यांनी विकेट काढली की पॉइंट मला. तुझ्यासारखं हरल्यावर उपाशी झोपत नाही."

पुन्हा हॉर्न. मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, तरी उठावं की बसावं ते ठरेना! शेवटी बाळ रडलं आणि मी धावत सुटले. मागून दिराची आरोळी ऐकू आली.

बाहेर टँकरवाला मोबाइलवर मॅच बघत कपाळाला हात लावून बसला होता.

"आपला गडी गेला ना ताई! लई वाईट झालं. नक्की कुणीतरी जागेवरून उठलं असणार."

मी गुपचूप झाकण उघडलं.