अस्तर लावलेले स्पीकर

संगीत शिकायला भारी सॉफ्टवेअर लागतं असं जो कोणी म्हणतो ना, त्याने एकदा आमच्या आईची शिवणकला बघावी.

दोन हजार सालच्या आसपास मला मुंबईत पार्श्वसंगीताच्या कोर्सला जायचं होतं. बोटीवरच्या मामाने कॉम्प्युटर, कीबोर्ड आणि दोन परदेशी स्पीकर आणून दिले. मी सॉफ्टवेअर टाकेपर्यंत आईने स्पीकरना टीव्हीला घालतात तशी कव्हरं शिवलीसुद्धा. जाड, अस्तराची, समोरूनही झाकणारी.

"अगं, आवाज दबतोय."

"दबू दे. आपल्या मिरजोळ्याची लाल धूळ आत गेली, तर मामा दुसरे आणणार आहे?"

कव्हर काढायची माझी काय बिशाद. मग आवाज मोकळा वाटेपर्यंत मी सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, वाढवत गेलो. प्रवेशासाठी एका दृश्याला संगीत द्यायचं होतं, बाळाला झोपवणाऱ्या आईचं. मी बासरी वापरली. घरी ती इतकी गोड वाजली की आमच्या आईचाच डोळा लागला.

मुंबईत कोर्सच्या सरांनी माझी सीडी लावली आणि कानांवर हात ठेवले. माझी बासरी कुकरच्या शिट्टीसारखी किंचाळत होती.

"बाळाला झोपवायचंय की पळवून लावायचंय?"

मी कव्हरांची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "आधी ती काढ, मग पुढच्या वर्षी ये."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "त्यांच्या स्पीकरना कव्हर आहे?"

"नाही."

"मग बिघडणारच ना रे ते. आपल्याकडे किती गोड वाजत होतं."