सृष्टी वाचायची ते पिच्चर

कुनीच खरं मानलं न्हाई वो मॅडम — कुनीच न्हाई. नवऱ्याला सांगितलं, दिराला सांगितलं, सोनईला जाऊन इवायाच्या वट्ट्यावर उभं राहून सांगितलं, की पोरगी सांगून गेलीय, मला सांगून गेलीय, पंचमीला आलती तवाच — तर म्हनत्यात, कवा सांगितलं, कुनासमोर सांगितलं? म्हनलं, पिच्चरात सांगितलं. झालं. हसली समदी. दीर म्हनला, वैनी, कार्टुनात व्हय? तुमी बी हसताय. हसा, पन पेन खाली ठेवू नका. लिहिलं का वरचं? सृष्टी, वय एकवीस, लग्नाला सव्वा वर्स, सासर सोनई. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी दळन घेऊन गिरनीत गेली, ती परत आली न्हाई. दळन तसंच पडलंय गिरनीत. आज नववा दिवस. माज्या धाकटीच्या, आरतीच्या मोबाईलवर एक फोन आला परक्या नंबरावरनं — मी बरी हाय, शोधू नका — बस, येवढंच. तो नंबर आता लागत न्हाई.

आनि तुमी इचारताय संशय कुनावर. ती भाईर दोघं दिसत्यात का — टोपीवाला माजा मालक, श्रीमंत, आनि मोबाईलवर वरडतोय तो दीर, सहादेव. त्यांनी मला गाडीवर बसल्यापास्नं पढवत ठान्यात आनलंय. कैनातचं नाव सांग. कैनात म्हंजी सृष्टीची मैतरीन, बारावीपस्तोर एका बाकावर बसल्या, तिसगावातच ऱ्हाती, नवरीच्या हातावर मेंदी काढती. तिनं पोरीला पिच्चर दिले, पोरीचं डोकं फिरवलं, तिनंच पळवून लावली — आसं लिहून द्यायचंय. देते की. सांगायला तर आलेय. पन आधी पिच्चर ऐका, म्हंजी नाव कुनाचं घालायचं ते तुमालाच समजंल.

जपानचे पिच्चर. कार्टूनच, पन पोराटोरांचं उड्या मारायचं न्हाई — हातानं काढल्यालं, दोन-दोन तासाचं, त्यात भात शिजत असंल तर वाफ बी दिसती. कैनातच्या भावाच्या कॉम्प्युटरवरनं सृष्टीच्या मोबाईलात आलेले. माजं शिक्षन चौथी. खाली विंग्रजी अक्षरं पळत्यात, ती मला कुठली वाचाय येत्यात? शेवयाचं मशीन हाय माजं, चैत-वैशाखात अंगनात बायांचा नंबर लागतो, दुपारी जरा सवड. तवा सृष्टी पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवायची आनि खालचं वाचून दाखवायची. वाचून म्हंजी काय, आपल्या बोलीत. म्हातारीचा आवाज म्हातारीचा, सरपंचाचा सरपंचाचा, कुत्रं असंल तर कुत्र्याचा बी. तीन उन्हाळे आमी मायलेकी तसं बघत बसलो. मी काठीवर शेवया टाकायची, ती वाचायची. मला तर जपानी मानसं आपल्या तिसगावचीच वाटायची — नाकंच तेवढी लहान.

ध्यानात ऱ्हायलेले तीन. तीनच, बाकीच्यांत मारामाऱ्या. पयला विहिरीवाल्या म्हातारीचा. गाव धरनात चाललंय, समदे भांडीकुंडी गाड्यांवर लादत्यात, आनि ही म्हनती मी माजी विहीर नेनार. विहीर कशी नेनार? तर डोंगर चढून नव्या जागी बादली-बादली पानी नेती, तितं खड्डा खनती, आनि रोज वाकून हाक मारती — जुन्या विहिरीत जसा आवाज घुमायचा तसा घुमंस्तोर. माज्या आत्याचं गाव असंच धरनात गेलं, मॅडम. आत्या मरंस्तोर पान्याकडं पाठ करून बसायची. तो पिच्चर मी पाच येळा बघितला. दुसरा पोस्टमनचा. जाडजूड पोस्टमन, कुत्र्याला भेतो, मग गावातलीच कुत्री एक-एक पत्र तोंडात धरून घरोघरी नेत्यात. त्यात सृष्टी कुत्र्यांच्या तोंडी आमच्या गल्लीतल्या बायांची बोलनी घालायची — आमची रंगुबाई जशी नाकात बोलती तशी एक कुत्री. हसता-हसता माजी काठी हातातनं सुटली, किलोभर शेवया मातीत. रंगुबाईच्याच हुत्या. धुतल्या, वाळवल्या, दिल्या. ते काय लिहू नका.

तिसरा — त्याचंच सांगायचंय. तो आधी आमी बघितलाच नव्हता. पंचमीला सृष्टी आली तवा मोबाईलात घालून आलती. पंचमीला लेकी येत्यात, तुमाला काय सांगायचं, तुमी बी कुनाची तरी लेकच. चार दिस ऱ्हायली. मेंदी काढली न्हाई, झोक्यावर बसली न्हाई. गोडधोड केलं तर ताट घेऊन कोपऱ्यात, आनि कुनी आत आलं की उठून उभी — खाता-खाता उभी. म्हनलं बस की गं, तर म्हनली सवय लागली. मी काय समजायचं? म्हनलं, सासूच्या धाकात हाय, चांगलंच हाय, जरा लवचिक होईल. आसं म्हनले मी. तोंडानं म्हनले.

चवथ्या दिवशी सकाळी तिला न्यायला गाडी येनार हुती. दीड-दोन तास हुतं. मी तिची वटी भरायची तयारी करीत हुते, खोबरं, तांदूळ, चोळीचा खन. ती म्हनली, आई, एक पिच्चर बघ माज्यासंगं. म्हनलं, आता व्हय? तर म्हनली, समदा नको, एवढीच एक जागा. बसले. पिच्चर कसला, तर एक पोरगी, डोंगरापल्याड रेशीम काढायच्या घरात कामाला घातल्याली. सनाला चार दिस घरी आलीय. तिची आई न् ती वट्ट्यावर बसून टमाट्यावानी लाल फळं सोलत्यात आनि वाळवायला दोरीला बांधत्यात. खाली नदीत नाव उभी, पोरीला परत न्यायला. लई चांगलं काढलंय, मॅडम, सुरीखालनं साल निघती ती सुद्धा एका दमात, तुटत न्हाई.

आनि पोरगी बोलती. सृष्टी वाचती. म्हनली — आई, मला तितं परत न्हाई जायचं. तितं मला भरल्या ताटावरनं उठवत्यात. मी चित्रं काढली हुती, दोन वह्या, त्या त्यांनी बंबात घातल्या, पानी तापवायला. तितला मानूस रोज म्हनतो, तुला येतंय काय? आई, तू ऱ्हा म्हनलीस तर मी ऱ्हाते. तू नुसतं ऱ्हा म्हन.

मला पिच्चर गप बसून बघताच येत न्हाई, समद्या गल्लीला ठावं हाय. विहिरीवाल्या म्हातारीला सुद्धा मी सांगायची, उजव्या हाताला दगड लागतोय, डावीकडं खन. सृष्टीनं पिच्चर थांबवला. माज्याकडं न बघताच इचारलं, आता हिच्या आयनं काय म्हनावं?

मी काय म्हनले? म्हनले — काय म्हनायचं त्यात, जा म्हनावं. दोन वर्सं काढायची आसत्यात, समद्या काढत्यात, मी न्हाई काढली? पोर घरी ठेवून घेतली की तिचं बी वाटोळं न् घराचं बी. जा म्हनावं तिला, नाव थांबलीय.

आसं. ह्याच शब्दांत. हातात खोबऱ्याची वाटी हुती.

सृष्टीनं परत चालू केला. आनि वाचलं, आई म्हनती, जा. मी बघत हुते — त्या बाईनं तोंड उघडलंच न्हाई. सुरी चाललीय, तोंड मिटल्यालं. म्हनलं, सृष्टे, तिचं तोंड तर हाललं न्हाई. तर माजी पोरगी म्हनली, जपानी बाया आशाच बोलत्यात, आई. आनि मोबाईल बंद केला, पदर पसरला वटीला. गाडीत बसली. हात केला का न्हाई ते मला आठवत न्हाई. लई जनी इचारत्यात, आठवत न्हाई.

ती सासरातनं नाहीशी झाल्यावर — पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी — मी कैनातच्या दारात गेले. तवा माज्या बी मनात तिचंच नाव हुतं, खोटं कशाला बोलू. भर रस्त्यात शिव्या दिल्या पोरीला, तिच्या आयला, मुमताजला बी. मुमताज माज्यापेक्षा मोठी, डोळ्यात पानी आनून नुसती म्हनली, आत या चांगुणाबाई, भाईर नका बोलू. कैनातनं काय केलं, तोच पिच्चर लावला. तीच जागा. म्हनली, काकू, मला ठावं न्हाई सृष्टी कुठं हाय, शपथ घेते, पन तुमी म्हनताय तसं यात कायच न्हाई. वाचून दाखवते. आनि वाचलं. पोरगी म्हनती — यंदा फळं गोड हायती. आई म्हनायची जागा येती तितं खाली अक्षरंच न्हाईत. मोकळी जागा. मग पोरगी म्हनती — बर्फ लवकर पडंल. झालं. येवढंच हाय तितं, फळं न् बर्फ. ताट न्हाई, बंब न्हाई, वह्या न्हाईत. मी म्हनलं, तू खोटं वाचती. तीनदा वाचायला लावलं. मग तिच्या भावाला बोलावलं, त्यानं बी तेच वाचलं. फळं गोड हायती.

आसं बघू नका माज्याकडं. मला बी कळतंय तुमी काय इचारनार. बिचारीला त्या टायमाला कळलंच न्हाई, पोर पिच्चराच्या तोंडनं बोलतीय ते — आसंच लिहाल ना? अडानी हुती, फसली. लिहिताय का? थांबा. खोडा ते. खोडा म्हनते ना.

मला कळलं हुतं. त्याच मिनिटाला. बंब, मॅडम. जपानात कुठला आलाय बंब? तांब्याचा बंब सोनईला हाय, इवायाच्या मोरीत, मी सवता बघितलाय, दिवाळसनाला गेलते तवा. आनि तिनं वाचताना आवाज बदलला न्हाई. कुत्र्याला सुद्धा आवाज काढनारी पोर, त्या पोरीला तिनं सवताचाच आवाज दिला. मला कळलं. माजा हात थांबला वाटीवर. मग मी म्हनले, जा म्हनावं.

का म्हनजे? सोमवारी आरतीला बघायला येनार हुते. शेवगावचे पावने, पोरगा मास्तर. समदं ठरत आल्यालं. मोठी नांदत न्हाई, घरी बसलीय आसं दिसलं आसतं तर दारातनं चहा न पिता फिरले आसते — फिरत्यात, मी सवता आशी एक जागा मोडलीय माज्या भाच्याची, पोरीची बहीन माघारी आलीय म्हनून. म्हनून म्हनलं, चार-आठ दिस. आरतीचं कुंकू लागू दे, सुपारी फुटू दे, मग सृष्टीला आनू. चार-आठ दिस तर काढायचे. ते मी तिला सांगितलं आसतं तरी चाललं आसतं. नुसतं म्हनायचं, सृष्टे, पुढच्या सोमवारपस्तोर थांब, मी येते न्यायला. न्हाई म्हनले. पिच्चरातल्या बाईला बोलले, पोटच्या पोरीला न्हाई. आडोसा तिनं केला हुता भेत-भेत, आनि त्याच आडोशाला उभी राहून मी तिला हाकलली.

सोमवारी आले पावने. पोहे खाल्ले. सुपारी पोळ्यानंतर फोडू म्हनले, म्हनून सृष्टीला आनायचं मी बी तवर पुढं ढकललं. आता येनार न्हाईत, कानावर गेलंय त्यांच्या. आरती माज्याशी बोलत न्हाई. पावने गेले म्हनून न्हाई — ती दाराआड हुती त्या सकाळी. तिनं ऐकलं समदं. धाकटी हाय पन तिला बी कळलं हुतं बंबाचं.

आता ती दोघं भाईरनं खुनावत्यात, उरकलं का म्हनून. उरकतंय म्हनावं. कैनातचं नाव काढा. लिहिलं आसंल तर काट मारा, माज्यासमोर, आनि काट मारलीय तितं मी अंगठा देते — सही येती मला, सही देते. त्या पोरीनं पिच्चर दिले, व्हय, दिले. पिच्चरात काय नव्हतं. गोड फळं हुती. तिच्या दारात पोलीस गेला तर तिला परत कुनी नवरीचा हात द्यायचं न्हाई, आनि सहादेवला तेच पायजे. सोनईवाल्यांचं लिहा, बंबाचं लिहा, ताटाचं लिहा, ते सोडायचं न्हाई, त्यांना बोलवून घ्या. पन तुमचा सवाल तो न्हाई. तुमी इचारलं, पोर घर सोडून गेली ती कुनामुळं. तिला एक दार उघडं हुतं, ते कुनी लावलं.

वर तक्रार देनारीचं नाव लिहिलंय ना तुमी? तेच खाली संशयाच्या जागी उतरवा. न्हाई, चुकत न्हाई मी, डोकं बी ठिकान्यावर हाय. सायबाला इचारायचं तर इचारा, मी बसते हितं. लिहा. पोरीला घालवनारी — चांगुणा श्रीमंत लवांडे.