साहेबांच्या बागेतली होडी

कलेची नजर असावी तर आमच्या इंजिनियर साहेबांसारखी. तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं, तेव्हा ऐन पावसाळ्यात त्यांना घिवलीच्या किनाऱ्यावर रंग उडालेली एक होडी पालथी दिसली. ‘कुणीतरी टाकून दिलीय,’ म्हणाले, आणि मजूर लावून बंगल्यावर आणवली. आत माती भरून झेंडू लावला. तो बघायला आम्हाला चहाला बोलावलं.

नारळी पौर्णिमेला एक कोळी पूजेचा नारळ घेऊन थेट बागेत आला.

‘होडी माजी हाय. पावसात आमी वर काढून ठेवतो.’

साहेब मोठ्या मनानं म्हणाले, ‘घेऊन जा की. फक्त पाणी साचू नये म्हणून तळाला बारा भोकं पाडलीत.’

कोळ्यानं झेंडू नीट न्याहाळला आणि नारळ साहेबांच्या हातात दिला.

‘मंग तुमीच बसा हिच्यात. मी ढकलतो दर्यात.’