टाकी उपसण्याचा अर्ज

नाही, पण मला सांगा, टाकी भरलेली ठेवायची की रिकामी, हे मीच का ठरवायचं? तर म्हणे पंप तुमच्या खिडकीखाली आहे, किल्ली तुम्हीच ठेवा... तसं माझं काही म्हणणं नाही.

तुम्हाला सांगतो, आमच्या इमारतीखाली ही भलीमोठी टाकी बांधली, पावसाचं पाणी साठवायला. नगरपालिकेचे इंजिनिअर म्हणाले, "सोपं आहे हो. टंचाईत भरलेली ठेवा, पुरात रिकामी ठेवा, म्हणजे रस्त्यावरचं पाणी तिच्यात जाईल." म्हटलं, साहेब, टंचाई संपून पूर कधी येणार हे कोण सांगणार? तर म्हणाले, "ते आमच्या खात्यात येत नाही." आणि गेले चहा पिऊन.

झालं, इमारतीत दोन पक्ष. वरचे म्हणतात भरा, कारण नळाला एक दिवसाआड पाणी. खालचा म्हणतो उपसा, कारण पूर आला की पहिला तोच बुडणार. खालचा म्हणजे मी. एकटाच. आणि वरच्यांच्या पुढारी कोण, तर चौथ्या मजल्यावरच्या माझ्या सख्ख्या वहिनी!

गेल्या वर्षी रेडिओवर सांगितलं, दोन दिवसांत अतिवृष्टी. बायकोचं शिवणकाम घरात, मशीन बुडालं तर खायचं काय? म्हणून दिवसभर पंप लावून टाकी कोरडीठाक केली... आणि पाऊस? टिपूस नाही. वर बारा दिवस नळही कोरडा. जिन्यात दादा माझ्याकडे असा बघायचा, जणू अख्खी टाकी मी एकट्यानं प्यायलोय. तसं माझं काही म्हणणं नाही.

लगेच मीटिंग, लगेच नियम. यापुढे टाकी उपसायची तर छापील अर्ज, त्यावर प्रत्येक मजल्याची सही.

आणि परवा सकाळपासून धो धो... रस्त्यावर घोटाभर पाणी, टाकी काठोकाठ. मी अर्ज घेऊन पळालो. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना चष्मा सापडेना. दुसऱ्यावर दातांचे डॉक्टर, "हा दात निघू द्या, मग करतो"... पेशंट आ वासून माझ्याकडे बघतोय, डॉक्टर ओढतायत, मी आपला उभा. तिसऱ्यावरच्या बाई म्हणतात, "हे घरी नाहीत, मी कशी सही करू?" खालून बायकोची हाक, "अहो, मशीन उचलू का?" म्हटलं थांब, दोनच सह्या राहिल्यात! वहिनींनी अर्ज वाचला. अख्खा. मागची कोरी बाजूसुद्धा. मग म्हणाल्या, "भाऊजी, मागच्यासारखं नाही ना होणार?" म्हटलं, वहिनी, जरा खिडकीतून तरी बघा.

सगळ्या सह्या घेऊन खाली आलो तर पंप पाण्याखाली, घरात गुडघाभर पाणी, कोरडा काय तो अर्ज. बायको कशाला माझ्यासाठी थांबतेय? तिनं मशीन केव्हाच आजोबांकडे नेऊन ठेवलं होतं.

आता जायचं कुठं? दादाकडेच. ओल्या कपड्यांनी चार जिने चढलो. इकडे पंपच बुडाल्यावर वर पाणी चढणार कसं? टाकी भरलेली, रस्ता भरलेला आणि चौथ्या मजल्यावर संडासात टाकायला थेंब नाही. वहिनींनी मला दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं नि म्हणाल्या, "भाऊजी, खालूनच आलात ना? मग येताना दोन बादल्या नाही का आणायच्या?"

आणल्या हो. लांब कशाला जायचं, आमच्याच स्वयंपाकघरातून भरल्या.