नकाराचा हात

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आपल्या दूरचित्रवाणी केंद्राचे संचालक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे मुख्य अभियंता, म्हणजे आपल्या सगळ्यांचे आबा, वहिनी, आणि सभागृहातील मित्रमैत्रिणींनो,

मला कार्यालयातून निरोप आला होता, "चार गोड शब्द बोला आणि बसा." गोड शब्द माझ्याआधीच्या वक्त्यांनी भरपूर वाटलेत. माझ्या वाट्याला कडू उरलेत, ते बोलते.

बातम्या चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत उभी राहून मी त्या खुणांच्या भाषेत सांगते. माझ्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही. ही भाषा मी तिच्याच मांडीवर शिकले.

गेल्या वर्षी आपण आहे त्याच लहरींत आणखी वाहिन्या कोंबल्या. जागा तेवढीच, बिऱ्हाडं वाढली. मग बातम्यांचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला चित्राच्या वाट्याला येणारी माहिती, निम्म्यावर आणायचं ठरलं. आबा बैठकीत म्हणाले, "साहेब, चित्र आवळून पाठवायची आपली रीत जुनी आहे. नवी रीत, म्हणजे नवा कोडेक, निम्म्या माहितीत जवळपास तसंच चित्र बसवतो, पण ते उलगडायला लोकांच्या घरी नवे टीव्ही लागतील. जुन्याला उपाशी ठेवलंत, तर तो जे हलतं ते आधी खातो." संचालक महोदय, आपण पडद्याकडे बोट दाखवून म्हणालात, "निवेदिकेचा चेहरा बघा, आरशासारखा! कुठे बिघडलंय?"

चेहरा दिसणारच. तो हलतो किती? हलतात माझी बोटं!

पुढे पाण्यात कारखान्याचं रसायन मिसळल्याची बातमी आली. मी हातांनी सांगितलं, "नळाचं पाणी पिऊ नका. उकळूनही पिऊ नका." आई घरी एकटीच टीव्हीसमोर. तिला 'पाणी' कळलं, 'उकळून' कळलं, 'पिणं' कळलं. नकाराचा हात झटकन फिरतो. दोन्ही वेळा त्याच्या जागी नुसते धुरकट चौकोन. आईने शहाण्यासारखं पाणी उकळलं, गार केलं आणि प्यायली.

इस्पितळात शुद्धीवर आल्यावर तिने हातांनी मला पहिला प्रश्न केला, "तूच सांगितलंस ना, उकळून पी म्हणून?" मंडळी, माझी आई. आणि माझेच हात.

मी संचालकांच्या केबिनमध्ये गेले. उत्तर मिळालं, "खाली अक्षरांची पट्टी होती की!" साहेब, तिच्या लहानपणी बहिऱ्या मुलीला शाळेत बसवत होतं कोण? ती पट्टी तिने वाचायची कशी? वर आपण ऐकवलंत, "असे प्रेक्षक असून असून किती असणार?" माझ्या अंगाची लाही लाही झाली. आजही होते आहे.

आबांनी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. इस्पितळात आले, आईसमोर लॅपटॉप ठेवला आणि तीच बातमी वेगवेगळ्या बिटरेटवर दाखवत गेले. "ताई, इथे कळतंय? बरं, आणि इथे?" मी मध्ये बसून प्रश्न पोचवत होते. जिथे आईची मान ठामपणे हलली, तो बिटरेट त्यांनी पक्का केला. मग केंद्रात जाऊन घरबसल्या खरेदीच्या वाहिनीच्या बिटरेटमधला घास काढला आणि बातम्यांच्या तोंडी घातला. परवानगी? मागत बसले असते तर अजून बसलेच असते. बक्षीस म्हणून त्यांना चौकशी मिळाली, आणि मुदतीआधीची ही निवृत्ती. निमंत्रणपत्रिकेत छापलंय, 'स्वेच्छेने'. कुणाच्या स्वेच्छेने?

आणि काल हुकूम निघाला की सोमवारपासून बातम्यांचा बिटरेट पुन्हा खाली. आज आबांना हार घालायचा आणि परवा त्यांचं काम मोडायचं! याला निरोप म्हणतात?

उजवीकडच्या रांगांत बसलेत ते आपले ऐकू न येणारे प्रेक्षक. मीच बोलावलंय. माझं भाषण माझी सहकारी त्यांना खुणांनी सांगतेच आहे. अध्यक्ष महोदय, यानंतर आपण बोलणार आहात. तो हुकूम का काढला, ते कृपा करून यांच्याकडे बघून सांगा. आपला शब्दन् शब्द मी स्वतः त्यांच्यापर्यंत पोचवीन. इथे मध्ये पडदा नाही, काही पुसट होणार नाही.

वहिनी, असा हट्टी माणूस सांभाळलात, त्याबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत. सभागृहाने माझं ऐकून घेतलं, आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर आबा, तुम्ही पोटात घाला. इतरांकडे मी क्षमा मागत नाही.

या साहेब. माईक मोकळा आहे.